आयपी फोनसाठी वेगळा व्हीलॅन केला तरी आवाज तुटतोय, नक्की कुठे चुकतंय?

दोनमजली_अ‍ॅडमिन:

नमस्कार मंडळी, दोन दिवस या एकाच गोष्टीवर अडकलोय म्हणून इथे विचारतोय. पोस्ट जरा लांबेल पण सगळं एकदाच सांगून टाकतो.

आमचं ऑफिस दोन मजल्यांचं, एकूण ४२ आयपी फोन. प्रत्येक टेबलाला भिंतीतून एकच लॅन पॉइंट आहे, ती वायर फोनला लागते आणि फोनच्या मागच्या दुसऱ्या पोर्टातून कॉम्प्युटरला जाते. दोन्ही मजल्यांवर २४ पोर्टचा एकेक मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) पीओई (लॅन वायरीतूनच वीज देणारा) स्विच, वरचा स्विच खालच्याला जोडलाय आणि खालचा फायरवॉलला. डीएचसीपी, म्हणजे आपोआप आयपी वाटायचं काम, पण फायरवॉलच करतो. पीबीएक्स (ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज) आमच्याच सर्व्हर रूममध्ये आहे आणि बाहेरचे कॉल इंटरनेटवरून सिप ट्रंकने (फोन कंपनीची इंटरनेटवरची लाइन, सिप म्हणजे कॉल जोडायची-तोडायची भाषा) जातात. लाइन डाउनलोडला ५० एमबीपीएस, अपलोडला १०.

आधी सगळं एकाच नेटवर्कमध्ये होतं. तक्रार एकच, दुपारी तीन-साडेतीनच्या पुढे आवाज तुटायला लागतो, आम्हाला समोरचा माणूस स्वच्छ ऐकू येतो पण त्याला आमचं अर्धंच ऐकू जातं, "हॅलो हॅलो, तुमचा आवाज कट होतोय" हे दिवसातून पन्नास वेळा ऐकतो. सगळीकडे वाचलं की व्हॉइससाठी वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरींवर वेगळं आभासी नेटवर्क, करा, म्हणून शनिवारी बसून केला. डेटा १० नंबर, व्हॉइस २० नंबर.

आता खालच्या मजल्यावर सगळे फोन २० मध्ये व्यवस्थित आले. वरच्या मजल्यावर काही फोन आयपीच घेत नाहीत, नुसते फिरत राहतात, आणि काही फोन चालू होतात पण त्यांना आयपी १० चाच मिळतो. खाली तीन टेबलांवर तर उलटंच झालंय, कॉम्प्युटरलाच २० चा आयपी मिळाला आणि त्यांना फाइल सर्व्हर दिसेना. आणि एवढं करून दुपारचा आवाज तुटायचा तो तुटतोच आहे. शिवाय बाहेरून आलेले काही कॉल साधारण अर्ध्या मिनिटाने आपोआप कट होतात, हे आधीपासून आहे.

मॅनेजर विचारतायत की मग शनिवारभर केलं काय. प्लीज कोणीतरी दिशा दाखवा.


केबलकाका:

तुमच्याकडे तीन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही तिघांवर एकच गोळी दिलीत, त्यामुळे गोंधळ झालाय. मी व्हीलॅनचंच बोलतो, आवाजाचं दुसरं कोणी सांगेल.

आधी टेबलाच्या पोर्टचं. आयपी फोनच्या पोटात तीन तोंडांचा छोटासा स्विच असतो, एक तोंड भिंतीकडे, एक कॉम्प्युटरकडे आणि एक खुद्द फोनकडे. भिंतीकडच्या त्या एकाच वायरीतून दोन नेटवर्क न्यायची असतात. पॅकेट कोणत्या व्हीलॅनचं हे सांगणारी चिठ्ठी म्हणजे टॅग. कॉम्प्युटरला टॅगमधलं काही कळत नाही, तो साधं पॅकेट पाठवतो, म्हणून डेटा व्हीलॅन त्या पोर्टवर अनटॅग्ड ठेवायचा. फोन स्वतःच्या पॅकेटवर ४ बाइटचा टॅग लावतो आणि त्यात २० नंबर लिहितो, म्हणून व्हॉइस व्हीलॅन त्याच पोर्टवर टॅग्ड. म्हणजे प्रत्येक टेबलाचा पोर्ट १० अनटॅग्ड, २० टॅग्ड, पीव्हीआयडी (बिनटॅगचं पॅकेट कोणत्या व्हीलॅनमध्ये घालायचं तो नंबर) १०. तुमच्या त्या तीन टेबलांवर पीव्हीआयडी २० झालाय किंवा २० अनटॅग्ड टाकलाय, दुसरं काही नाही. काही स्विचमध्ये व्हीलॅनचं सदस्यत्व एका पानावर आणि पीव्हीआयडी वेगळ्याच पानावर असतो, तिथे हमखास चूक होते, मी स्वतः केलीय.

आता वरचा मजला. खाली सगळे फोन चालले आणि वर नाही, म्हणजे दोन स्विचमधली वायर बघा. त्या वायरीच्या दोन्ही टोकांच्या पोर्टवर २० टॅग्ड आहे का? माझी खात्री आहे की एका टोकाला तरी नसणार. होतं काय की वरचा स्विच फोनला सांगतो तू २० मध्ये जा, फोन बिचारा २० चा टॅग लावून डीएचसीपीला हाक मारतो, ती हाक खाली पोचतच नाही. मग काही मॉडेल तसेच हाका मारत बसतात आणि काही मॉडेल थोडा वेळ वाट बघून परत १० मध्ये येतात. तुम्ही जी दोन लक्षणं लिहिलीत ती एकाच कारणाची आहेत.

फोनला २० नंबर कसा कळतो हे पण नीट समजून घ्या, कारण पुढे फोन बदलताना तेच कामाला येतं. सगळ्यात सोपा मार्ग एलएलडीपी-मेड. स्विच त्या पोर्टवर ठरावीक वेळाने, बहुतेक ठिकाणी दर ३० सेकंदांनी, स्वतःची ओळख सांगतो आणि त्यातच "व्हॉइससाठी व्हीलॅन २०, प्रायोरिटी ५, डीएससीपी ४६" असंही सांगतो (डीएससीपी म्हणजे पॅकेटवर लिहिलेला प्राधान्याचा नंबर), फोन ते ऐकतो आणि तसा वागतो. तुम्हाला फोनला हातही लावावा लागत नाही. दुसरा मार्ग डीएचसीपीतून, बरेच फोन त्यातला व्हीलॅन नंबर सांगणारा ऑप्शन १३२ वाचतात. त्यात फोन आधी १० मध्ये आयपी घेतो, ऑप्शन वाचतो, तो आयपी सोडतो आणि मग २० मध्ये जाऊन परत घेतो. चालतं, पण दोन फेऱ्या होतात, आणि डेटाचा पूल भरलेला असेल, म्हणजे वाटायचे आयपी संपले असतील, तर फोन पहिल्याच फेरीत अडकतो. तिसरा मार्ग म्हणजे प्रत्येक फोनच्या मेनूत जाऊन हाताने २० टाकायचा. ४२ फोनला ते करू नका. सहा महिन्यांनी कोणीतरी फोन उचलून दुसऱ्या ऑफिसात नेतो आणि तो तिथे का चालत नाही हे कोणालाच कळत नाही.

अजून एक, टेबलाच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्रीचा, म्हणजे वायरींचं वर्तुळ होऊ न देणाऱ्या सोयीचा, एज मोड, ज्याला काही कंपन्या पोर्टफास्ट म्हणतात, तो चालू ठेवा. नाहीतर जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीत पोर्ट चालू व्हायला १५ अधिक १५ असे ३० सेकंद जातात आणि तेवढ्यात फोन आयपी मागून दमतो. पण एज मोडबरोबर बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीचा संदेश त्या पोर्टवर आत आला की पोर्ट बंद करणारी सोय) पण लावा, हे मनापासून सांगतोय. एका ठिकाणी टेबलं हलवल्यावर कोणीतरी फोनच्या दोन्ही पोर्टातल्या वायरी शेजारशेजारच्या दोन लॅन पॉइंटात लावल्या, दोन्ही जागा रिकाम्या दिसल्या म्हणून लावल्या, त्या माणसाची काहीच चूक नाही. वायरींचं वर्तुळ झालं आणि अख्खा मजला ठप्प. स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत फडफडत होते ते अजून डोळ्यासमोर आहे. वायर शोधायला दीड तास गेला. बीपीडीयू गार्ड असता तर तो एक पोर्ट बंद पडला असता आणि काम संपलं असतं.


हलकं_नेटवर्क:

माझं मत वेगळं आहे. ४२ फोनसाठी व्हीलॅनची गरजच नाही, परत एका नेटवर्कमध्ये आणा आणि मोकळे व्हा.

हिशोब करून बघा. जी.७११ कोडेकमध्ये (आवाज आकड्यांत बदलायची पद्धत) आवाज ६४ केबीपीएस, दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट म्हणजे सेकंदाला ५०, प्रत्येक पॅकेटमध्ये १६० बाइट आवाज. त्यावर आयपी, यूडीपी आणि आरटीपी (आवाज वाहून नेणारा प्रोटोकॉल) यांच्या हेडरचे मिळून ४० बाइट चढले की ८० केबीपीएस, इथरनेटचं वेष्टन धरलं तर ८७ च्या आसपास. सगळेच्या सगळे ४२ जण एकदम बोलायला लागले तरी एका दिशेला पावणेचार एमबीपीएसच्या आत. गिगाबिट स्विचला हे काहीच नाही. ऑफिसच्या आत आवाज तुटायचं कारणच नाही, तुटतोय तो बाहेर जाताना.

आणि तुम्हीच लिहिलंय की तुम्हाला समोरचा स्वच्छ ऐकू येतो, त्याला तुम्ही तुटक. म्हणजे येणारी बाजू ठीक, जाणारी बाजू आजारी. १० चं अपलोड दुपारी कोणीतरी भरतंय. एक टेस्ट करा, आवाज तुटत असताना एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आतल्या आत फोन लावा. तो स्वच्छ असेल तर स्विच, व्हीलॅन, वायरी सगळे निर्दोष.


अपलिंकताई:

@हलकं_नेटवर्क तुमचा हिशोब बरोबर आहे आणि अपलोडबद्दलचा अंदाज पण मला पटतोय, पण व्हीलॅन काढून टाका हे मला पटत नाही. व्हीलॅन आवाज सुधारण्यासाठी नसतोच मुळी, तो भिंत घालण्यासाठी असतो. एखाद्या कॉम्प्युटरने ब्रॉडकास्टचा धुमाकूळ घातला तरी फोन वाचतात. फोनचे आयपी एका ओळीत राहतात त्यामुळे काही बिघडलं तर शोधायला सोपं जातं, फायरवॉलवर नियम लिहिताना "सगळे फोन" असं एका ओळीत लिहिता येतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे फोनच्या आतली सेटिंगची पानं ऑफिसमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरवरून उघडता येत नाहीत. अर्थात हे तेव्हाच, जेव्हा १० आणि २० च्या मध्ये फायरवॉलवर नियम असतात. नुसते दोन व्हीलॅन केले आणि मध्ये सगळ्याला परवानगी ठेवली तर भिंत बांधून दार सताड उघडं ठेवल्यासारखं आहे. फोनचे डीफॉल्ट पासवर्ड पण बदला.

आता प्रायोरिटी. ही गोष्ट व्हीलॅनबरोबर आपोआप येते असा खूप जणांचा समज आहे, तसं नाही. टॅगमध्ये ३ बिट प्रायोरिटीचे असतात, ० ते ७, व्हॉइसला बहुतेक ५ देतात. पण टॅग ऑफिसच्या आतच राहतो, फायरवॉलच्या बाहेर पडताना तो गळून जातो. आयपी हेडरमधला डीएससीपी टिकतो, आवाजाला ४६. तोसुद्धा बाहेर गेल्यावर इंटरनेटवाले मानतीलच असं समजू नका. म्हणजे तुमच्या ताब्यात एकच जागा उरते, तुमचा फायरवॉल, जिथून पॅकेट १० एमबीपीएसच्या अरुंद बोळात शिरतं.

तिथे काय होतं बघा. कोणी मोठी फाइल वर चढवत असेल तर पॅकेटांची रांग लागते. रांगेत २५० केबी माल साठला तर १० एमबीपीएसने तो बाहेर पडायला २०० मिलिसेकंद लागतात, आणि तुमच्या आवाजाचं इवलंसं पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभं. फोनवर बोलताना एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला पाहिजे असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ शिफारस सांगते. शिवाय रांग कधी लांब कधी छोटी, म्हणून एक पॅकेट लवकर एक उशिरा, समोरच्या फोनचा जिटर बफर (पॅकेटांचं मागेपुढे सावरणारा छोटा साठा) ते सांभाळू शकत नाही आणि उशिरा आलेलं पॅकेट टाकून देतो. तेच "कट होतंय".

उपाय असा की फायरवॉलवर अपलोडचा शेपर (वेगाची मर्यादा) लावा आणि त्याला १० ऐवजी ९ सांगा. मुद्दाम थोडा कमी, म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता तुमच्या फायरवॉलमध्ये लागेल, आणि तिथे डीएससीपी ४६ ला सगळ्यांच्या पुढे काढता येईल. १० वर ठेवलात तर रांग पुढच्या डब्यात लागते जिथे तुमचा हुकूम चालत नाही. हे न करता कितीही व्हीलॅन केले तरी दुपार तशीच जाणार.

आणि हो, पीबीएक्सवरून बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर ४६ खरंच लागलेला आहे का ते वायरशार्कने (पॅकेट उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) बघा, फोन लावतो पण पीबीएक्स पुढे पाठवताना ० करून पाठवतो असं मी पाहिलंय.


दोनमजली_अ‍ॅडमिन:

मंडळी, खरंच मनापासून आभार. काल रात्री आणि आज दुपारी बसून जे केलं ते सांगतो.

काका, तुम्ही म्हणालात तेच निघालं. खालच्या स्विचचा २४ नंबरचा पोर्ट, तिथे २० टॅग्ड होता. वरच्या स्विचच्या त्याच वायरीच्या टोकाला फक्त १०. मी शनिवारी वर जाऊन टेबलाचे पोर्ट केले आणि अपलिंकचा राहून गेला. टॅग टाकला, पोर्टची वीज बंद-चालू करून फोन रीस्टार्ट केले, तीन मिनिटांत सगळे २० मध्ये. तीन टेबलांचे पीव्हीआयडी पण २० च होते, ते १० केले, फाइल सर्व्हर दिसायला लागला.

तरी वरच्या कोपऱ्यातले तीन फोन येईनात. टेबलाखाली वाकून बघितलं तर एक जुना साधा स्विच, पाच पोर्टचा, कोणीतरी कधीतरी लावलेला, धुळीने काळा झालेला. तीन फोन, एक प्रिंटर आणि भिंतीची वायर, पाचही भरलेले. त्याच्यामुळेच का?

दुपारची टेस्ट पण केली. तीन वाजून दहा मिनिटांनी आवाज तुटायला लागला तेव्हा आतल्या आत फोन लावला, एकदम काचेसारखा स्वच्छ. मग फायरवॉलचा ग्राफ उघडला, अपलोड तीन वाजल्यापासून १० ला टेकलेलं, सरळ रेघ. शोधलं तर अकाउंटच्या सर्व्हरचा क्लाउड बॅकअप, रोज तीनला चालू होतो. कोणी ठरवलं माहीत नाही. बॅकअप रात्री १ वाजता ढकलला आणि ताई म्हणाल्या तसा ९ चा शेपर पण लावला. वायरशार्कमध्ये पीबीएक्सवरून जाणारा डीएससीपी खरंच ० होता, तो ४६ केला. मुद्दाम मोठी फाइल अपलोडला लावून बाहेर कॉल केला, समोरच्याला पंधरा मिनिटं बोलायला लावलं, एकदाही तुटला नाही.

आता दोन प्रश्न राहिले. अर्ध्या मिनिटाने कट होणारे कॉल, आणि दोघं जण लॅपटॉपवर सॉफ्टफोन (फोनचं काम करणारं सॉफ्टवेअर) वापरतात, ते १० मध्येच आहेत, त्यांचं काय करायचं?


केबलकाका:

हो, त्या छोट्या स्विचमुळेच. एलएलडीपीचं पॅकेट एका वायरीपुरतं असतं, पुढच्या स्विचने ते पुढे द्यायचं नसतं. बरेच साधे स्विच ते गिळून टाकतात, मग फोनला २० नंबर सांगणारं कोणी उरत नाही. टॅग लावलेली पॅकेट मात्र असले बरेच स्विच जशीच्या तशी पुढे सोडतात, म्हणून तात्पुरतं त्या तीन फोनमध्ये हाताने २० टाकून बघा, बहुधा चालतील. पण तो डबा काढा. त्या फोनना वीज पण वेगळ्या अडॅप्टरवर चालू असेल ना? मुख्य स्विचची पीओई त्या डब्याच्या पलीकडे जात नाही. तिथे तीन नव्या वायरी ओढून घ्या आणि वरच्या स्विचवर तेवढे पोर्ट शिल्लक आहेत का आधी मोजा.


सिप_डायरी:

कट होणाऱ्या कॉलबद्दल मी सांगते. घड्याळ लावून मोजा. अर्धं मिनिट म्हणजे ३० की ३२ सेकंद? बरोबर ३२ असेल तर कारण जवळजवळ ठरलेलं आहे.

सिपमध्ये कॉल उचलला की उचलणारा "२०० ओके" पाठवतो आणि समोरून "अ‍ॅक" (पोचल्याची पावती) यायची वाट बघतो. अ‍ॅक आला नाही तर २०० ओके परत परत पाठवत राहतो आणि शेवटी हार मानून कॉल तोडतो. ही वाट बघायची मुदत मूळ टाइमर ५०० मिलिसेकंदाच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद. तेवढा वेळ दोघं बोलत असतात, आवाज छान असतो, आणि मग अचानक शांतता.

तुम्ही म्हणालात बाहेरून येणारे कॉल कट होतात. म्हणजे उचलणारा तुमचा पीबीएक्स. तो २०० ओकेमध्ये "मला इथे उत्तर पाठवा" म्हणून जो पत्ता लिहितो, त्या कॉन्टॅक्टच्या ओळीत १९२.१६८ ने सुरू होणारा आतला पत्ता जातोय का बघा. तो बाहेरच्या जगाला निरर्थक आहे, समोरचा अ‍ॅक पाठवतो तो कुठेच पोचत नाही. पीबीएक्सच्या सेटिंगमध्ये बाहेरचा पब्लिक आयपी आणि आतली नेटवर्क कोणती ते लिहायची जागा असते. आता तुमचं २० नंबरचं नेटवर्क नवीन आहे, ते पण आतल्यांच्या यादीत घाला, नाहीतर फोनलाच पब्लिक पत्ता जाईल आणि आतल्या कॉलला एका बाजूचाच आवाज येईल, हा नवा व्हीलॅन केल्यावर हमखास होणारा घोळ आहे.

दुसरं, फायरवॉलमध्ये सिप एएलजी नावाची सोय असेल तर बंद करा. ती मदत करायला म्हणून पत्ते मधल्या मधे बदलते आणि बऱ्याचदा अर्धवट बदलते. काही कॉल कट होतात आणि काही नाही, असं धरसोडीचं वागणं दिसलं की माझा पहिला संशय तिच्यावर असतो.

आणि विषय निघालाच आहे तर, सिपचा ५०६० पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवला असेल तर आत्ता जाऊन बंद करा. सिप कंपनीच्या पत्त्यांनाच परवानगी द्या. सतत कोणीतरी उघडे पीबीएक्स शोधत असतं, एखाद्या एक्स्टेंशनचा पासवर्ड १२३४ सारखा सापडला की रात्रीतून परदेशी कॉल करतात आणि बिल तुमच्या नावावर येतं.


अपलिंकताई:

सॉफ्टफोन १० मध्येच राहू द्या. लॅपटॉप एकच, त्यातला फोन वेगळ्या व्हीलॅनमध्ये आणि बाकीचं वेगळ्या असं करायच्या मागे लागू नका, तो लॅपटॉप वायफायवर गेला की सगळं मुसळ केरात. १० मधून पीबीएक्सला लागणारे तेवढेच पोर्ट उघडे ठेवा, सिपसाठी ५०६० आणि आवाजासाठी पीबीएक्समध्ये जी आरटीपीची रेंज दिलीय ती, बऱ्याच ठिकाणी १०००० ते २०००० असते. बाकी व्हीलॅन १० मधून २० मध्ये जाणारं सगळं बंद. कॉल पीबीएक्समधूनच बाहेर जात असल्याने ४६ तिथे लागतोच. फक्त लॅपटॉपवरून थेट फोनला आवाज जाऊ देऊ नका, पीबीएक्समध्ये डायरेक्ट मीडिया बंद ठेवा, नाहीतर नवीन नियम लावल्यावर फोन वाजेल पण आवाज येणार नाही.


दोनमजली_अ‍ॅडमिन:

३२ च सेकंद! मोबाइलवर स्टॉपवॉच लावून चार कॉल मोजले, चारही ३२. कॉन्टॅक्टच्या ओळीत १९२.१६८ चाच पत्ता होता. पब्लिक आयपी भरला, १० आणि २० दोन्ही आतल्या यादीत घातले, एएलजी बंद केला. त्यानंतर आलेला पहिला कॉल सव्वाअकरा मिनिटं चालला, मी शेजारी उभा राहून घड्याळ बघत होतो.

५०६० उघडाच होता. लॉग उघडल्यावर अनोळखी पत्त्यांवरून लॉगिनच्या प्रयत्नांची भलीमोठी रांग दिसली, बघून पोटात गोळा आला. बंद केला, एक्स्टेंशनचे सगळे पासवर्ड बदलतोय, निम्मे झाले.

काका, वरच्या स्विचवर दोनच पोर्ट शिल्लक आहेत, लागतात तीन, प्रिंटर धरला तर चार. दोन फोनच्या वायरी या शनिवारी ओढतो. प्रिंटर त्यातल्या एका फोनच्या मागे लावला तर चालेल ना, की त्याला काही त्रास होतो?


केबलकाका:

चालेल, प्रिंटर अनटॅग्डच बोलतो, त्याला १० चाच आयपी मिळेल. फक्त तो फोन रीस्टार्ट झाला की प्रिंटर पण तेवढा वेळ गायब होईल, तिथल्या लोकांना सांगून ठेवा. तिसऱ्या फोनसाठी खालच्या स्विचवर पोर्ट असेल तर तिथून वायर वर आणा, लांबी १०० मीटरच्या आत ठेवा.